बिनबोल्टाचा पाय

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
कृत्रिम अवयव विभाग, तिसरा मजला.

विषय : जप्त केलेला माझा डावा पाय परत मिळण्याबाबत.
संदर्भ : आपले पत्र 'बोल्ट नसलेल्या वस्तू ताब्यात घेणेबाबत', दि. ३ ऑक्टोबर.

महोदय,

मी विभागाच्या कार्यशाळेत अकरा वर्षे जोडारी आहे आणि तिथेच तयार झालेला पाय गुडघ्याखाली वापरतो. त्यामुळे माझ्या कामातली चूक सर्वांत आधी माझ्याच अंगाशी येते.

१. हे पाय कार्बनचे तंतू घातलेल्या प्लास्टिकचे असतात. ते तापवले की वितळते, निवले की पुन्हा घट्ट होते. म्हणून नळी आणि पाऊल यांच्यामध्ये आम्ही बारीक तारेची जाळी ठेवतो, तिच्यातून वीज सोडतो आणि जोड निवेपर्यंत दाबून धरतो. दोन्ही भाग एकजीव होतात. अशा पायावर मी चार वर्षे चाललो, मुलीच्या लग्नात दिवसभर उभा राहिलो.

२. आपल्या निरीक्षकांच्या तक्त्यात 'बोल्ट किती' असा रकाना आहे. तिथे शून्य लिहिता येत नाही, असे ते म्हणाले. त्यांचा नाइलाज मी समजू शकतो. रकाना पायापेक्षा जुना आहे. बोल्ट नुसते वरून चिकटवले तर चालतील का, असेही मी विचारून पाहिले. परंतु या प्लास्टिकवर गोंद नीट धरत नाही, आणि निरीक्षक बोल्ट हलवून बघतात.

३. सबब माझा जुना पाय आपल्या कपाटात गेला आणि मला आदेशाबरहुकूम नवा मिळाला : पक्क्या जोडाला चार भोके, त्यांत चार बोल्ट. भोक पाडताना तंतू तुटतात आणि चीर तिथूनच सुरू होते, हे मी तीनदा लेखी कळवले होते. तिन्ही पत्रांवर 'पाहिले' असा शेरा आहे. पाहिली असणारच.

४. नवा पाय एकोणीस दिवस टिकला. विसाव्या दिवशी, जुन्या पायाची चौकशी करायला येताना, आपल्याच कार्यालयाच्या जिन्यात तो भोकांच्या रेषेत मोडला. मला उचलून खाली नेल्याबद्दल आपल्या शिपायाचा आणि सोबत आलेल्या माझ्या मेव्हण्याचा मी आभारी आहे. मला राग आला, हे लपवत नाही. वर माझा चांगला पाय धूळ खात पडला होता आणि खाली मी.

आणखी सव्वीस पाय भोकांच्या रांगेत आहेत. त्यांतला एक टपाल वाटणाऱ्या बाईंचा आहे. त्यांचा दिवस जिन्यांतच जातो.

सोमवारी खुलाशासाठी समक्ष हजर राहण्याचे आपण फर्मावले आहे. मी एका पायावर तयार आहे. सध्या दुसरा नाहीच. तिसरा मजला तेवढा जमणार नाही.

तरी माझा जुना पाय, आहे तसा, भोक न पाडता, घरपोच मिळावा.

आपला नम्र,
(सही)
जोडारी, कृत्रिम अवयव कार्यशाळा
दि. १४ नोव्हेंबर

सोबत :
१) मोडलेला पाय, तुकडे दोन.
२) पाय मोडल्यानंतर निरीक्षकांनी घरी येऊन भरलेला तक्ता. बोल्ट : चार. चारही घट्ट. निकाल : उत्तीर्ण.