डावी बाही

सोमवार, १४ तारीख

चि. बटण हिला मावशीचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "मावशी, माझाही आता शिंपिणीचा खांदा झाला हं" म्हणून तू हसलीस, आणि मी डॉक्टरचं नाव काढताच फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. यात तरी मला मध्येच तोडता येणार नाही.

इकडे ठीक आहे. दुकानाचं शटर रंगवून घेतलं. कारागीरकाका चष्मा कपाळावर ठेवून दुकानभर शोधत असतात. तुझ्या आईच्या खुर्चीवर कुणी बसत नाही. मी काही सांगितलेलं नाही.

आता मुद्दा. आपल्या धंद्यात खांदा सगळ्यांचाच दुखतो. "खांदा दुखत नाही तो कसला शिंपी!" हे तुझ्याच आईचं वाक्य. त्यामुळे तिचा दुखू लागला तेव्हा आम्ही बाम दिला आणि वर चेष्टा केली. पण कात्री ती उजव्या हाताने चालवायची, दुखायचा डावा. तोही कापताना नाही, इस्त्रीसाठी माळ्यावर चढताना. खाली येऊन बसली की थांबायचा. मग तिने इस्त्रीचं टेबलच खाली आणवलं. आम्ही म्हटलं, बरं झालं, माळा मोकळा झाला.

त्या दिवसाचं तू कधी विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. सकाळी जबडा दुखतोय म्हणाली. आम्ही दाढ समजलो. मळमळलं, ते पित्त. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि हिच्या मानेवरून गार घाम निथळत होता. मी म्हटलं, "ताई, ऊठ, दवाखान्यात चल." तर म्हणे, "एवढी बाही लावते नि उठते. गिऱ्हाइकाचा असता तर टाकला असता. पोरीचा कोट आहे."

सुईत दोरा मीच ओवून दिला.

डॉक्टर नंतर म्हणाले, बायकांच्या छातीत दर वेळी कळ येतेच असं नाही. जबडा, पाठ, हात, धाप, मळमळ, घाम, अशा आडवाटेनेही झटका येतो. तुझे वडीलही याच दुखण्याने पन्नाशीच्या आत गेले. तुला रक्तदाब आहे आणि गोळी तू आठवली तर घेतेस. तेव्हा खांदा कुठला दुखतो ते मला सांगू नकोस, हृदयाच्या डॉक्टरला सांग. याच आठवड्यात. आणि तसं काही एकाएकी होऊ लागलं, तर हातातलं काम टाकून तिथल्या तिथे रुग्णवाहिका बोलवायची. "एवढं संपवते नि उठते" हे वाक्य मला आपल्या घरात पुन्हा ऐकायचं नाही.

गिऱ्हाईक थांबतं, बटण. कोटही थांबलाच की.

तुझी एकुलती उरलेली,
मावशी

ता. क. उद्याच्या गाडीने तुझ्याकडे येणाऱ्या कारागीरकाकांच्या हाती दिलं: हे पत्र. आईची मोठी कात्री, धार लावून. तिच्या बोटातलं अंगुस्तान. करडा कोट, तुझ्या मापाचा; उजवी बाही लावलेली, डावी अर्धी शिवलेली, पुढे टाचण्यांवर. सुई दोऱ्यासकट तिथेच आहे. मी काढलेली नाही. जपून हात घाल.