आमची वाडी दत्तक गेली

१५ जानेवारी १९९९

आज नोटीस बोर्डावर लागलं. यंदाचं एनएसएसचं शिबिर आमच्या गावात! म्हणजे राहायचं गावच्या शाळेत आणि साफसफाई करायची आमच्या बौद्धवाडीची. अख्खा एस.वाय. माझ्याकडे वळून बघत होता. जसं काही मीच आवतण देऊन आले.

शिबिराचे प्रमुख आमचे इतिहासाचे सर. तासाला म्हणाले, "कॉलेजने ही वस्ती तीन वर्षांसाठी दत्तक घेतली आहे." दत्तक! आम्हाला आईबाप नाहीत का? आजोबांनी धर्म बदलला तेव्हा घरातले देव नदीत सोडले, आपल्या पायावर उभं राहायचं म्हणून. आणि नात बसलीय दत्तक जायला.

पुढे सगळ्यांसमोर विचारतात, "मेघा, तुमच्या वस्तीत स्वच्छतेची काय परिस्थिती आहे?" मी म्हटलं, "झाडू आहे सर. पाणी नाही." पोरं हसली. सर म्हणाले, खाली बस. बसले. तास संपेपर्यंत कान गरम होते.

१६ जानेवारी

आईला सांगितलं. वाटलं, तीही चिडेल. तर भाकरी थापता थापता विचारते, "मोठा सायब कोन येणार हाय का शेवटाला?" म्हटलं, दरवर्षी येतो कोणीतरी पंचायत समितीतला, भाषण ठोकायला. "बरा झाला," म्हणाली. काय बरं झालं? ह्यांना साहेब म्हटलं की झालं!

२१ जानेवारी

शिबिर सुरू. मुली एका वर्गात, मुलं दुसऱ्यात. नियम असा की शिबिरार्थीने दहा दिवस घरी जायचं नाही. माझं घर शाळेतून दिसतं. संध्याकाळी आमच्या चुलीचा धूर बघत मी कॉलेजची पातळ डाळ खाल्ली.

बॅनरवर काय लिहिलंय – 'चला, अस्वच्छतेचा अंधार दूर करू या'. सहा वाजता उठून पोरं प्रभातफेरी काढणार आमच्या वाडीत, घोषणा देत. सहा वाजता वाडीतल्या बायका कुठे असतात हे एकाला माहीत नाही. त्या ओढ्यात असतात, डवऱ्यावर.

आमचा ओढा दिवाळीनंतर आटतो. मग बायका त्याच्या कोरड्या पात्रात हातभर, दोन हात खणतात. त्यात पाणी झिरपतं. तो डवरा. वाटीवाटीने हंडा भरायचा, गढूळ झालं की थांबायचं, निवळलं की परत भरायचा. मी दहावीचा भूगोल तिथेच बसून पाठ केला. धरण एवढं जवळ, तानसाचं पाणी जाड पायपातून मुंबईला जातं, आणि आम्ही वाटीने भरतो.

सहा वर्षं झाली वाडी विहीर मागते आहे. गेल्या साली एक साहेब आले होते पाहणीला. ओढ्यात उतरले, वाकून बघितलं, "पाणी आहे की!" आणि गेले. नंतर उत्तर आलं – वाडीस पाण्याचा स्रोत उपलब्ध असल्याने मागणी विचारात घेता येत नाही. स्रोत! तो डवरा म्हणजे स्रोत. ते उत्तर बाबांनी मला मोठ्याने वाचायला लावलं, वाडी जमवून. तेव्हापासून सकुबाई काकी हंडा घेऊन निघाली की म्हणते, "चला गो, सोर्तावर."

२३ जानेवारी

सर्वेक्षण. मला मुद्दाम वाडीचाच गट दिला. "तुला लोक मोकळेपणाने सांगतील." कविता बरोबर होती. ती कसाऱ्याची, स्वभावाने गरीब, माझी एकुलती मैत्रीण. आमच्याच दारात उभं राहून मी माझ्या आईला विचारलं, "घरात माणसं किती?"

आई म्हणाली, "तुला म्हाईत नाय?"

"तुम्ही सांगायचं असतं."

"मंग लिव. चार. एक कालेजात ग्येली ती अजून आली नाय."

कविता तोंड फिरवून हसत होती. मला हसूही येत होतं आणि पेन मोडून टाकावंसंही वाटत होतं. परत निघाले तर आईने हळूच विचारलं, "ती पोरा खड्डेबिड्डे बुजवतात का गो?" म्हटलं, बुजवतात, खणतात, फोटो काढतात. सगळं करतात.

२५ जानेवारी

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

डवरा बुजवला त्यांनी.

मी शाळेत झेंड्याच्या गाण्याची प्रॅक्टिस करत होते. विनोद – आमचा ग्रुप लीडर, पांढरी टोपी रात्रीसुद्धा काढत नाही – तो आणि त्याची पोरं चिखलाने माखून आली. खुशीत होती. "ओढ्यातला एक घाण खड्डा बुजवला! दगड टाकले, वर मुरूम. डास होत होते." मला आधी कळलंच नाही. मग कळलं. धावत गेले. सपाट! वर चोपून चोपून पाय दिलेले आणि कडेला चुन्याने पांढरे केलेले दगड मांडलेले. बागेत मांडतात तसे!

परत आले आणि जे तोंडात आलं ते बोलले. आयुष्यात एवढी ओरडले नव्हते. अख्खं शिबिर गोळा झालं. विनोद म्हणाला, "अगं, वाडीतल्याच एका बाईने सांगितलं. पोरं पडतात त्यात, बुजवा म्हणून." म्हटलं, खोटारड्या, बायका स्वतःचं पाणी बुजवायला सांगतील? नाव सांग तिचं. त्याला नाव कुठलं माहीत असणार. तो लालबुंद झाला. म्हणाला, "सगळ्या काठावर उभ्या होत्या. हसत होत्या. एकीने तर घमेलं दिलं."

हसतील नाहीतर काय करतील? कॉलेजची पोरं, पांढरे कपडे, बरोबर सर. आमच्या बायका अशांसमोर हसण्याशिवाय दुसरं काय शिकल्यात? ह्याला ते हसणं कळलं नाही. म्हणे घमेलं दिलं!

सर म्हणाले, "हेतू चांगला होता."

२६ जानेवारी

झेंडावंदन. मी लेझीम घेतलं नाही. सरांना सर्वांसमोर म्हटलं, आज सगळे मिळून खणू, दुपारपर्यंत होईल. सर म्हणाले, शनिवारी साहेब येणार, स्टेज बांधायचंय, रिहर्सल आहे. नंतर बघू. मी म्हटलं, नंतर म्हणजे कधी? तहान नंतर लागते का? तेव्हा त्यांचा आवाज बदलला. "मेघा, सर्टिफिकेट माझ्या सहीने मिळतं. दहा मार्कही."

दहा मार्क! घाला चुलीत.

दुपारी टिकाव घेऊन एकटीच ओढ्यात गेले. पोरांनी काम चोख केलेलं. अर्ध्या तासात तळव्यांना फोड आले आणि निघाले चार दगड. तेवढ्यात आई आली. वाटलं, आता दोघी मिळून खणू. तिने माझ्या हातातून टिकाव काढून घेतला. "जा शालेत. ऱ्हाऊ दे तो."

"आई, पाणी कुठून आणणार?"

"गावच्या हिरीवरशी. आनतोच हाय."

गावची विहीर म्हणजे चढण चढून जायचं, तिथे गावच्या बायकांचं भरून होईपर्यंत बाजूला उभं राहायचं, मग उरलंसुरलं. आई हे इतक्या शांतपणे म्हणाली की मला तिचाच राग आला. सरांचा आला त्याहून जास्त. ह्यांचं रक्त कधी उसळत नाही? एवढ्या जयंत्या केल्या, एवढी भाषणं ऐकली, आणि चार पोरांनी पाणी बुजवलं तर म्हणतात राहू दे! तिला तसं तोंडावर बोलले. ती टिकाव खांद्यावर टाकून निघून गेली. वळून बघितलंसुद्धा नाही.

२८ जानेवारी

कविता सोडून कोणी माझ्याशी बोलत नाही. तीही हळू बोलते.

सकाळी प्रभातफेरीत आजी दिसली. रिकामी कळशी घेऊन ओट्यावर बसली होती. पोरांनी घोषणा दिल्या. आजीने टाळ्या वाजवल्या.

३० जानेवारी, रात्री, घरी

घरी आहे कारण हाकलली.

समारोप. साहेब आले – तेच, गेल्या साली ओढ्यात वाकलेले! गळ्यात हार, हातात नारळ. शहापूरचा एक पेपरवाला पण आलेला. वाडीतल्या झाडून सगळ्या बायका आल्या, चांगली लुगडी नेसून, आणि प्रत्येकीच्या कमरेवर रिकामा हंडा. पुढेच येऊन बसल्या. मला वाटलं, बिचाऱ्या इथूनच विहिरीवर जाणार असतील.

सरांनी अहवाल वाचला. रस्ता झाडला, झाडं लावली, "आणि ओढ्यातील एक दुर्गंधीयुक्त खड्डा बुजवून आरोग्याचा प्रश्न..."

मी उठले. कविताने माझा दुपट्टा ओढला, तो तिच्याच हातात राहिला. सरळ साहेबांना म्हटलं, "तो खड्डा म्हणजे तुमच्या कागदावरचा पाण्याचा स्रोत आहे. गेल्या साली तुम्हीच वाकून बघून गेलात. तो ह्यांनी बुजवला. आता ह्या बायकांनी काय प्यायचं?" अजून बरंच बोलले, आठवत नाही. रडले पण. रागाने रडू येतं मला, त्याचा अजून राग येतो.

पेपरवाला लिहून घेत होता. साहेबांनी सरांकडे बघितलं, सरांनी बुटांकडे. मग सकुबाई काकीने हंडा जमिनीवर आपटला. मग सगळ्यांनी, एकीमागून एक. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

साहेबांनी माईकवरून सांगितलं – सोमवारपासून टँकर. वाडीला आता स्रोत नाही, त्यामुळे बोअरचं काम पहिल्या यादीत घेतो. पेपरवाल्याने तेही लिहून घेतलं. सर मागे येऊन मला एवढंच म्हणाले, "सामान उचल. सर्टिफिकेट विसर."

विसरले. विनोद कोपऱ्यात उभा होता, डोळे पुसत. पुसू दे. खोटारडा.

१ फेब्रुवारी

टँकर आला. आईने दोन हंडे भरून ठेवले, मला पाणी दिलं, समोर बसली आणि म्हणाली, "त्या टोपीवाल्या पोराला काय बोलू नको. मीच सांगितला व्हता त्याला. पोरा पडतात, बुजव म्हनून. घमेला सकुनं दिला. पानी दिसतंय तवर हीर देत नाय, तर म्हटला दिसाया नको. डवरा काय, टिकाव मारला की परत."

मला का नाही सांगितलं?

"तुज्या पोटात काय ऱ्हात नाय. आनि आमी बोललो असतो तर सायबाला नाटक वाटला असता. तू खरी चिडलीस."

उद्या कॉलेज आहे. विनोद पहिल्याच बाकावर बसतो. त्याला काही सांगता येणार नाही. बोअरला पाणी लागेपर्यंत मला चिडलेलंच राहायला हवं.