जठारपेठेतली रेकॉर्ड

बाबा, अकोल्याच्या त्या दुकानातून आलं की हाताला एक वास राहतो. उंदरांचा, ओल्या पुठ्ठ्याचा आणि दुकानदाराच्या तंबाखूच्या खर्ऱ्याचा. साबणाने जात नाही, बेसन लावून पाहिलं, तरी घास तोंडाजवळ नेला की येतोच. तुम्हाला जाऊन आता वीसेक वर्षं झाली. मी रिटायर झाल्यापासून तुमच्यासारखीच महिन्यातून दोनदा अमरावतीहून एसटीने अकोल्याला जाते, जुन्या रेकॉर्डी शोधायला. घरी सांगते की पुस्तकं बघायला चालले. तेही तुमच्याकडूनच आलं असावं. तुम्ही आईला शाळेचं काम आहे म्हणून सांगायचात.

दुकान बसस्टँडपासून पायी दहा मिनिटांवर आहे. पुढे स्पर्धा परीक्षांची वापरलेली गाइडं, मधे इंजिनिअरिंगची पुस्तकं, आणि सगळ्यात मागे, जिथे पत्रा गळतो तिथे, बारदानाच्या पोत्यांत रेकॉर्डी. कांदे भरावेत तशा भरलेल्या. कव्हरात हात घातला की कधी झुरळाची अंडी लागतात, कधी बुरशी. एकदा उंदराचं वाळलेलं पिल्लू निघालं. मी ते कव्हर झटकलं आणि आतली रेकॉर्ड उजेडाकडे तिरपी धरून ओरखडे बघत राहिले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, तुमी बी लय निबर हा." त्याच्या उंबऱ्यावर थुंकीचे लालकाळे ओघळ वाळलेले असतात, ते ओलांडूनच आत जावं लागतं. ज्या रेकॉर्डी खपत नाहीत त्यांच्यावर तो सोनेरी मोर रंगवतो, मधल्या भोकात घड्याळाचे काटे बसवतो. चिखलदऱ्याकडचे हॉटेलवाले भिंतीवर लावायला डझनाने नेतात म्हणे. रंग फासण्याआधी तो लेबलही वाचत नाही. मला तिथे उभं राहवत नाही, आणि तरी मी तिथे दोन-दोन तास उभी असते.

आमचा एक ग्रुपही आहे फोनवर, रेकॉर्डी जमवणाऱ्यांचा. नागपूरचे, पुण्याचे, इथले, सगळे. कोणी म्हातारा शौकीन गेल्याची बातमी आली की सगळे हात जोडल्याची चित्रं टाकतात, आणि पाच मिनिटांत कोणीतरी मला खाजगीत विचारतो, "ताई, तुमच्याकडचेच ना ते? कलेक्शनचं काय करणार आहेत, काही कळलं?" मी त्यांना मनातल्या मनात गिधाडं म्हणते. मग सांगून ठेवते, तुम्हाला कळलं तर मलाही सांगा म्हणून.

हे सगळं तुम्ही शिकवलंत. मी नऊ वर्षांची होते. गांधी चौकाजवळच्या रद्दीवाल्याकडे तुम्ही एक ढीग चाळत होतात, मी दुसरा. तुम्ही महिनाभर घरात जिचं नाव काढत होतात ती रेकॉर्ड माझ्याच हाताला लागली आणि मी ओरडले, "बाबा, सापडली." रद्दीवाल्याने ती माझ्या हातातून काढून घेतली, कव्हर उलटसुलट बघितलं आणि वरच्या फळीवर ठेवून दिली. म्हणाला, "ही इकाची नाई, गुरुजी." रस्त्यावर आल्यावर तुम्ही माझा दंड धरलात. बोटं उठली होती, आईने रात्री तेल लावलं. "खुशी करायची असन त दुकानाच्या भाईर करजो," तुम्ही म्हणालात. "आतमंदी तोंड कसं पाह्यजे? पोट दुखून राह्यलं असं." मी आरशासमोर उभी राहून ते तोंड करून बघायचे. तुम्ही एकदा पाहिलंत आणि हसलात, "आता जमलं." माझं काही जमल्याचं तुम्ही फार वेळा म्हणाला नाहीत, म्हणून ते तोंड माझ्याजवळ राहिलं. लग्नात, नोकरीत, मुलगी झाली तेव्हासुद्धा. सासूबाई म्हणायच्या, हिला कशाचा आनंदच होत नाही.

बडनेऱ्याचा दिवस तुम्हाला आठवत नसेल. मला त्या रेल्वे क्वार्टरचं निळं दार आठवतं. तुमच्या ओळखीचे एक गार्ड वारले होते आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घेऊन त्यांच्याकडे गेलात. काकूंनी मला रव्याचा लाडू दिला. त्यातलं तूप खवट झालं होतं, पण तुम्ही माझ्याकडे बघत होतात म्हणून मी पूर्ण खाल्ला. मग त्यांनी कपाटाखालून रेकॉर्डींची लोखंडी पेटी ओढून काढली. तुम्ही एकेक रेकॉर्ड उचलत होतात आणि तेच पोट दुखल्याचं तोंड करत होतात. "वहिनी, खरं सांगतो, याले आता कोनी इचारत नाई. टेप आले ना. घरात घान नुसती, इंचूकाटा होते. मी घेऊन जातो, शाळंत पोट्ट्यायले वाजवून दाखवीन." काकू म्हणाल्या, घेऊन जा. मग त्यांनी एक रेकॉर्ड मागे ओढली. "ही राहू द्या. हे रोज आंघोळीनंतर लावत." तुम्ही ती त्यांच्या हातातून हळूच घेतलीत, जशी लहान पोराच्या हातातून कात्री काढून घेतात तशी. "मशीन न्यायचं म्हन्ते पुतन्या, मंग वाजवान कशावर?" आणि पेटी उचललीत.

परतीच्या बसमध्ये तुम्ही गात होतात. मी विचारलं, "बाबा, त्या काकूले खोटं काहून सांगतलं?" चौथीत मी मैत्रिणीचं खोडरबर घरी आणलं म्हणून भर उन्हात मला तिच्या घरी परत पाठवणारे तुम्ही, त्यामुळे मला खरंच कळत नव्हतं. तुम्ही अजिबात रागावला नाहीत. "खोटं नाई वं. तिच्यासाठी ते कचराच हाये. ज्याले समजते त्याचं असते ते." मला ते फार मोठं वाटलं. आपल्याला समजतं, म्हणजे आपण वेगळे. पुढे काकूंनी मागे ओढलेली तीच रेकॉर्ड तुम्ही मला लग्नात दिलीत. कव्हरच्या कोपऱ्यात गार्डकाकांनी शाईने नाव घातलं होतं, ते तुम्ही ब्लेडने खरवडून काढलं होतं. तिथला कागद अजून पांढुरका आहे. इतकी वर्षं माझ्या घरी आलेल्यांना मी ती मोठ्या कौतुकाने दाखवत आले, वडिलांची भेट म्हणून. आता कोणी आलं तरी मी ती कपाटातून काढत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या अकोल्याच्या दुकानात एक बाई आली. पंचेचाळीसची असेल. तोंडाला ओढणी बांधलेली, स्कूटीवरून दोन कापडी पिशव्या आणलेल्या. दुकानदाराला म्हणाली, "बाबा गेले मागच्या महिन्यात. आईची कॉट खोलीत आनाची हाये, जागा नाई." त्याने पिशव्या उपड्या केल्या, पायाने थोड्या पसरल्या, आणि खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात घेत म्हणाला, "ठेवून द्या. रद्दीत घेतो." ती घुटमळली. मी एक रेकॉर्ड उजेडात धरून उभी होते, ते बघून ती माझ्याकडे वळली.

"ताई, तुमाले समजते वाटते यातलं. काई कामाचं हाये का यात?"

तोवर मला दिसली होती. पसरलेल्या ढिगात, अर्धी दुसऱ्या कव्हराखाली. तुम्ही रेडिओवर एकदाच ऐकलेला तो मारवा राग, तो गाणाऱ्या बाईंची एकुलती एक लाँग प्ले, जी तुम्ही नागपूरपासून बुऱ्हाणपूरपर्यंत शोधलीत आणि दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातही जिच्याबद्दल विचारलंत, की अकोल्याला गेली होतीस का, काही दिसलं का. माझे कान तापले. आणि चेहरा आपोआप तसा झाला, मला काही करावं लागलं नाही.

"नाही," मी म्हणाले. "साध्याच आहेत सगळ्या."

ती जराशी हसली. ओढणीवरून फक्त डोळे दिसत होते. "बाबा म्हनत, लय मोलाचं हाये हे, मी गेल्यावर समजन तुमाले. म्हनजे उगाच म्हनत होते." मग दुकानदाराला म्हणाली, "घ्या मंग." तिची स्कूटी वळेपर्यंत मी दुसरीच पोती चाळत राहिले. मग पाच रद्दड रेकॉर्डींच्या मधे घालून ती घेतली. दुकानदाराला काही कळलं नाही. कोपऱ्यावर येऊन मी रसवंतीत बसले, उसाचा रस मागवला आणि तो पिववेना. ग्लासाच्या काठावर माश्या होत्या, पण माश्यांमुळे नाही. त्या बाईने मला किंमत विचारली नव्हती. तिचे वडील खरं बोलत होते का, एवढंच विचारलं होतं.

अकरा दिवसांनी मी अकोल्यातल्याच जठारपेठेत गेले. दुकानदार म्हणाला होता, त्या बाईचे वडील पोस्टात होते, घर तिथेच कुठेतरी. तिथल्या पिठाच्या गिरणीत विचारलं तर गिरणीवाली म्हणाली, "रेकॉर्डवाले काका का? ते त गेले. थे समोरचं, जाईचा वेल हाये पाहा." दार तिनेच उघडलं. ओढणीशिवाय मी तिला ओळखलं नसतं, तिने मला लगेच ओळखलं. आतल्या खोलीत खिडकीखाली कॉट होती आणि तिच्यावर एक म्हातारी बाई भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. ही तुमच्या वडिलांची. ही साधी नाही. ही फार कमी लोकांकडे आहे, आणि ज्याने ही इतकी नीट ठेवली त्याला चांगलं समजत होतं.

तिने रेकॉर्ड घेतली नाही, आधी माझ्याकडे बघत राहिली. "तुमाले तवाच मालूम होतं?"

"हो."

"मंग नाई काहून म्हनलं?"

"मला हवी होती."

"मी घरी येऊन आईले सांगतलं," ती म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "म्हनलं बाबा उगाच म्हनत होते, एक मॅडम होत्या तिथं शिकल्यासवरल्या, त्यायनं पाह्यलं. आई रडली बी नाई. म्हने, मंग इतके वर्स जपलं कायले. तवापासून बोलत नाई धड."

आतून आवाज आला, "कोन हाये वं?"

"कोनी नाई. बाबाची एक रेकॉर्ड वापस आली."

"कोनती?"

तिला लेबल वाचता आलं असतं, पण तिने मला मान हलवून खुणावलं. मी दारातूनच बाईंचं नाव सांगितलं, मारवा म्हणाले. म्हातारीने या कुशीवर वळायला बराच वेळ घेतला. "दिवा लावाच्या आंधी लावत ते," ती म्हणाली. "मी सैपाकघरातून म्हनो, बंद करा, कसंतरी होते. ते म्हनत, आयक, कसंतरी होऊ दे." मग लेकीला विचारलं, "चांगली होती म्हना ते?"

"हो. चांगली होती," लेक म्हणाली, आणि रेकॉर्ड माझ्या हातातून घेऊन आईच्या उशाशी ठेवली. मशीन त्यांनी आधीच त्याच दुकानदाराला देऊन टाकलं होतं. मी म्हणाले, माझं मशीन घेऊन येते, एकदा आईंना ऐकवते. ती दारापर्यंत आली. वऱ्हाडात दुपारी घरी आलेल्या माणसाला पाणी न विचारता परत पाठवत नाहीत. तिने विचारलं नाही. म्हणाली, "नको. आमी पाहून घेऊ. तुमी येऊ नका आता." आणि दार लावलं. बरोबरच केलं. मी तिच्या जागी असते तर आणखी काही बोलले असते.

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी मनात तुमच्याशी भांडत होते. म्हटलं, ज्याला समजतं त्याचं असतं ना, मग त्या पोस्टातल्या माणसाला समजत होतं, गार्डकाकांना समजत होतं. ते गेल्यावर त्यांच्या बायकांना काही समजत नाही हे कोणी ठरवलं? त्या काकूंना तर रोज सकाळी कोणतं गाणं लागायचं ते पाठ होतं. तुम्ही हे सगळं ऐकून काय म्हणाला असतात तेही मला माहीत आहे. ते इथे लिहायची इच्छा नाही. बडनेऱ्याच्या काकू कधीच गेल्या, ती क्वार्टरं पाडली, परत करायला आता निळं दारसुद्धा नाही.

हे पत्र कुठे टाकणार, आणि टाकायचं असतं तरी टाकलं नसतं, कारण यातही मी एक गोष्ट पोट दुखल्याच्या तोंडाने सांगितली आहे. अकरा दिवसांनी गेले, असं वर लिहिलंय. पत्ता शोधायला तेवढे दिवस लागले असं वाटावं म्हणून तसं लिहिलं. दुकानदाराने मला दुसऱ्याच दिवशी फोनवर सगळं सांगितलं होतं. दहा दिवस ती रेकॉर्ड मी ठेवून घेतली आणि रोज दिवेलागणीला लावली. फार चांगली आहे, बाबा. कोमल रिषभावर त्या बाई जिथे थांबतात, तिथे एका संध्याकाळी रिकाम्या खोलीत मी मोठ्याने म्हणाले, "बाबा, ऐका."