मागच्या यंत्रातला शब्द

प्रिय सोमेश्वर,

खांद्याचा पट्टा अजून तीन आठवडे राहणार, असं अर्पितावहिनींनी सांगितलं. उजव्या हातानं जेवता येत नाही म्हणून तू चिडचिड करतोस, हेही सांगितलं. हे पत्र मी आधी कच्चं लिहिलं, मग ऱ्हस्व-दीर्घ तपासून पुन्हा उतरवलं. तू हसशील. दुकानाच्या पाटीवर ‘पंक्चर’ बरोबर लिहायला मला दोन दिवस लागले, तेव्हा तूच मला ‘इजहारमास्तर’ म्हणायला लागलास. आठवीत शाळा सुटलेल्याला असं कुणी म्हटलं, की आतून बरं वाटतं.

अंबडच्या टेकड्यांत आपण सहा जण सायकलवर चुकून तीन दिशांना गेलो, ती गोष्ट आठवते ना? त्यानंतरच जीपीएसची दोन यंत्रं आणली. एक पुढच्याकडे, म्हणजे तुझ्याकडे. एक शेवटच्याकडे, म्हणजे माझ्याकडे. दोन्ही यंत्रांत वाट भरायचं काम तू मला दिलंस. आपल्यातला राजानंद कुरकुरला, तर तू म्हणालास, “इज्या एक दगडबी चुकवत न्हाई, बिनधास्त चला.” मी आदल्या रविवारी एकटा सायकलवर जाऊन सगळी वाट बघून यायचो आणि जपून जायच्या जागी एकेक शब्द घालायचो. यंत्रात मराठी नाही, म्हणून मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत. यंत्र वाजलं की तू तो शब्द ओरडायचास आणि मागचे सगळे तोच ओरडत यायचे.

वडीगोद्रीच्या पलीकडे पडलास, तो दिवस तुला आठवत नाही म्हणतोस. तू बराच पुढे होतास. वारा समोरचा होता, तुझी आरोळी कुणाला ऐकू आली नाही. आम्ही पोचलो तेव्हा तू कोरड्या ओढ्यातल्या दगडांवर आडवा होतास, सायकल दहा हात लांब. डोळे उघडल्यावर तू पहिलं विचारलंस, “यंत्र फुटलं का रे?”

यंत्र फुटलं नव्हतं. संध्याकाळी राजानंदनं ते उघडून सगळ्यांना दाखवलं. त्या जागेवर स्पष्ट ‘ओढा’ लिहिलेलं होतं. तेव्हापासून सगळे म्हणतात, सोम्या बघत न्हाई, नुसता सुटतो. तुमच्या घरी आलो तर झुंबरकाकूंनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि तुलाच बोलल्या, “पोरानं एवढं लिहून दिल्तं, तुझे डोळे कुठं गेल्ते?” तू मान खाली घातलीस. मला म्हणालास, “माफ कर यार, तुझी मेहनत वाया घालवली.” तो चहा मी कसा प्यायलो, मलाच माहीत.

आमचे अब्बा कापडाचं गाठोडं घेऊन तीर्थपुरीच्या बाजाराला पायी जायचे. नदी जिथून चालत ओलांडता येते त्या जागेला ते ‘उतार’ म्हणायचे. मी त्यांचं बोट धरून कितीतरी उतार ओलांडले. त्या ओढ्याच्या काठावर मी तोच शब्द घातला होता. अक्षरं पाच वेळा तपासली. स्पेलिंग बिलकुल बरोबर होतं. सायकलवरचा माणूस ‘उतार’ वाचून ब्रेक सोडतो, हे डोक्यातच आलं नाही. तू बघितलं होतंस, सोमेश्वर. बघितलंस म्हणूनच पडलास.

तुला जीपमध्ये ठेवताना राजानंदनं तुझं यंत्र माझ्या हातात दिलं, “सांभाळ” म्हणून. सगळे तुझ्याभोवती होते. मी शब्द बदलला. ‘उतार’ची चार इंग्रजी अक्षरं काढली, ‘ओढा’ची चार घातली. येत्या रविवारी ते पुढचं यंत्र मला देणार आहेत. तुला परत कधीच पुढे ठेवायचं नाही, असं ठरलंय. मी तिथे गप्प बसलो होतो. म्हणून हे लिहिलं. माझ्याकडच्या मागच्या यंत्रात अजून ‘उतार’च आहे, ते मी बदललं नाही. या पत्रासोबत ते पाठवतोय. पत्र आणि यंत्र दोन्ही राजानंदला दाखव, काकूंनाही पत्र वाचून दाखव. रविवारी मी येईन. मला बोलावलं नाही तरी येईन, आणि सगळ्यांसमोर तोंडानं सांगेन.

तुझाच, मास्तर न म्हणवून घेणारा,
इजहार