शोकाकुल: वितोमीर एकटाच

१४ ऑक्टोबर
कॉफी निवायच्या आत उरकलं! नगरसभेने आज स्वतःचाच गळा दाबला आणि वर टाळ्या वाजवल्या. ठराव असा — यापुढे सभेत कुणी प्रश्न विचारायचा नाही. सगळे निर्णय अध्यक्ष घेणार. सभा भरणार वर्षातून एकदा, तीही अध्यक्षांचा अहवाल ऐकायला. माझा मेव्हणा मिरोल्युब, माझ्या बायकोचा, स्तोयांकाचा सख्खा भाऊ, लोकांनी निवडून दिलेला सदस्य — मोबाइलमधून डोकं वर न काढता हात वर! बाहेर गाठलं त्याला. “अरे, वाचलास तरी का ठराव?”

“दाजी, अध्यक्षांनी वाचलाय ना.”

संताप संताप होतोय. आधीचा अध्यक्ष स्लावोल्युब काही संत नव्हता. प्यायचा, विसरायचा. पण सभेत बसायचा! लोक तोंडावर शिव्या घालायचे, तो घाम पुसत ऐकायचा, कधीकधी निर्णय बदलायचाही. तेव्हा हाच मिरोल्युब टेबलावर मूठ आपटायचा. माणसं तीच आहेत. वरचा बदलला आणि सगळ्यांच्या पाठी वाकल्या.

१५ ऑक्टोबर
गावात कुणी गेलं की निधनाचा कागद माझ्याच छापखान्यात छापतात. काळी चौकट, क्रूस, फोटो, खाली शोकाकुलांची नावं. मग खांबाखांबावर लावायचा. या मयताचा का नको? छापणारच! ‘आमची प्रिय नगरसभा अल्पशा आजाराने...’ फोटो सभागृहाचा.

स्तोयांका भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या सोलत होती. म्हणाली, “खाली नावं कुणाची घालणार? त्यांच्याशिवाय कागद म्हणजे बेवारस मेल्यासारखं.” खरंय तिचं.

१६ ऑक्टोबर
नावं मागत फिरलो. बेकरीवाली झागोर्का हसून हसून बेजार. “छाप छाप! माझं नाव मात्र नको हं. सून पालिकेच्या बालवाडीत आहे.” डॉक्टर म्हणाले, “तत्त्वतः मी तुमच्यासोबत आहे.” तत्त्वतः! पाद्रीबाबांनी नुसतं वर बोट दाखवलं — देवाकडे नव्हे, चर्चच्या नव्या छपराकडे. ते अध्यक्षाने घालून दिलंय.

मिरोल्युबला मुद्दाम विचारलं. “दाजी, मला का मारताय?” सभेला मारलंत तुम्ही, मी फक्त पुरतोय!

एकही नाव नाही. भ्याड मेले! घरी आलो तर स्तोयांका म्हणते, “माझंही नको. भाऊ आहे तो माझा.” जेवलो नाही.

१७ ऑक्टोबर
लावले कागद. शोकाकुल — वितोमीर. एवढंच.

१८ ऑक्टोबर
म्हातारी क्रस्तिना काळा रुमाल बांधून दारात! हातात मेणबत्ती आणि कॉफीचा पुडा. चष्म्याविना तिला काळी चौकट आणि माझं नाव एवढंच दिसलेलं. गळ्यात पडून रडायला लागली. “स्तोयांका गेली ना रे बाळा? आणि तू असा एकटा!” स्तोयांका मागेच उभी! सभा मेली, असं समजावून सांगितलं. म्हातारीने डोळे पुसले, विचार केला, म्हणाली, “मग रडले ते काही वाया नाही गेलं.” कॉफी परत नेईना. मयताच्या घरी आणलेलं परत नेत नाहीत म्हणाली.

अख्ख्या गावात या मयतासाठी एवढंच रडू निघालं — तेही चुकून.

१९ ऑक्टोबर
पालिकेचे तपासनीस आले. दुकानाची पाटी म्हणे नियमापेक्षा मोठी! वडिलांच्या हातची पाटी, आजवर कुणाला खुपली नाही. छापखान्याला सील. जाताना एक जण हळूच बोलला, “कागद काढा, सीलही निघेल.”

नाही काढणार! स्तोयांका रडतेय. आता घर कशावर चालणार, मलाही ठाऊक नाही. पण नाही म्हणजे नाही.

२१ ऑक्टोबर
लोक मला बघून रस्ता ओलांडतात. झागोर्काने पाव दिला, तोही मागच्या दाराने.

२२ ऑक्टोबर
आज अध्यक्ष स्वतः चौकातल्या खांबापाशी आला. सोबत फोटोवाला. कागद मोठ्याने वाचला, पोट धरून हसला. “भारी लिहितोस रे वितोमीर!” म्हणत माझ्या पाठीवर थाप मारली. मग खिशातलं पेन काढून माझ्या नावाच्या वर स्वतःचं नाव लिहिलं. दुपारपर्यंत तिथे रांग! झागोर्का, डॉक्टर, पाद्रीबाबा — सगळे शोकाकुल.

संध्याकाळी मिरोल्युब सील काढणारा माणूस घेऊन आला. “दाजी, कागदावर जागाच उरली नाही हो. अजून छापता का?”