रेडिएटरमधली हळद

६ जुलै

पुन्हा गळली! महाळुंग्याला भाडं सोडून येताना गाडी तापली, आणि राग निघाला माझ्यावर. रोज सकाळी रेडिएटरमध्ये पाणी घालायचं काम माझं ना! "पानी घातलंस का नुसतीच हुबी ऱ्हायलीस?" म्हणत राजूने अंगणातच कानाखाली काढली. शेजारचे बघत होते. बघतात आणि आपापल्या दारात जातात.

काठोकाठ भरलं होतं मी. देवाशपथ.

८ जुलै

गाडीखाली पुठ्ठा अंथरला होता. सकाळी कोरडा. म्हणजे गार असताना थेंब नाही, तापल्यावरच गळत असणार. राजूला सांगितलं तर म्हणे, "लई शानी झालीस?" इंजिन चालू ठेवलं. वाफ यायला लागली तशी मला म्हणाला, "झाकण उघड." गरम आहे म्हटलं — त्याने माझाच हात धरून झाकणावर दाबला आणि फिरवला. उकळतं पाणी मनगटावर! ओरडले तर तोंडावर चपराक बसली.

सासूबाई ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही त्या बाईने! वाटलं, ते सूप हिसकून तिच्याच डोक्यात घालावं.

९ जुलै

मनगट सोलून निघालंय. भाकऱ्या थापल्याच.

१० जुलै

नवल! राजू गोड बोलला. "रविवारी ताम्हिणीला जाऊ. दोघंच. धबधबा बघू, ढाब्यावर भाकरी खाऊ." लग्न झाल्यापासून कुठे नेलं नाही याने. पहिली बायको, गौतमी, तापाने गेली, तेव्हापासून डोकं फिरलंय असं सगळे म्हणतात. माणूस बदलतो की! फक्त गाडी नीट व्हायला पाहिजे, रविवारच्या आत.

११ जुलै

गॅरेजवाल्याने रेडिएटरच्या वरच्या नळीची क्लिप ढिली निघाली म्हणून आवळून दिली. घरी येऊन गाडी तापवून बघितली — टिपूस नाही. नवी साडी काढून ठेवली.

१२ जुलै

पुन्हा गळली! राजूने पान्याने आधी बोनेट ठोकलं, मग माझी पाठ. मग ओरडला, "हळद आण!" बारीक भोक हळदीने बुजतं म्हणे, सगळे ड्रायव्हर करतात. मूठभर हळद आत ओतली. पाणी पिवळंधमक. "रविवारी न्यायचीच हाय तुला," दात खाऊन म्हणाला.

१३ जुलै

सकाळी नळीच्या तोंडाशी पिवळा ओघळ. क्लिप परत ढिली! भोकबिक काही नाहीच — कुणीतरी स्क्रू सोडतंय.

आत आले तर सासूबाई पदराला बोटं पुसत होत्या. पदर पिवळा! स्वयंपाक मी करते, हळदीचा डबा माझ्या हाताखाली. कनवटीला राजूचा स्क्रूड्रायव्हर. माझं डोकंच फिरलं. दंड धरून भिंतीला दाबलं त्यांना. "तुमच्यामुळे मार खाल्ला मी! माझं बरं झालेलं बघवत नाही का तुम्हाला?"

हिसका दिला नाही त्यांनी. हळूच म्हणाल्या, "मार खाशील, पर जित्ती तरी ऱ्हाशील. गौतमी तापानं न्हाई गेली. तिलाबी ताम्हिणीला भाकरी खायाला नेलं व्हतं. ह्यो एकटाच आला. म्हैन्याभरापास्नं परत ताम्हिणीचंच बोलतोय माज्यापाशी. तुज्या घरी ताप म्हून मीच सांगितलं — लगीन मोडू नये म्हून."

माझे हात सुटले. मारावंसं वाटत होतं अजून. रडूही येत होतं.

१४ जुलै, रविवार

राजू आंघोळीला गेला तेव्हा क्लिपच काढून विहिरीत टाकली. मागे वळले तर सासूबाई चपला घालून दारात.

"चल पौडला. पोलीस ठाण्यात मी बोलते," म्हणाल्या. "पोरगं माझं हाय."