बारा वर्षं टिकणारी शिवण

दि. ९, मंगळवार

प्रिय चिमणीस, आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल पोचलं. बाबांचा निळा सदरा एक, कात्री एक, आणि दुकानात कसं बोलावं याचा बाबांसाठी तू हातानं लिहिलेला दुसरा कागद. तिकिटं साठची लावलीस. कागद वेगळा धाडला असतास तर पाचात आला असता. असो. सदरा अंगाला नीट बसला. आम्ही खुशाल आहोत.

ग्रंथालयाच्या कामाचं विचारलंस. वर्षभराचं बाइंडिंग दुसऱ्याला गेलं. देवाची इच्छा, एवढं लिहून थांबणार होते. पण आपलं केलेलं देवाच्या नावावर टाकू नये.

काका गेल्यापासून दुकानातलं बोलणं बाबांवर आलं, आणि त्यांची जीभ अडखळणारी. तुझा पहिला कागद, 'गिऱ्हाईकाशी बोलताना होणाऱ्या चुका', त्यांनी महिनाभर पाठ केला. न विचारता भाव उतरवू नका. दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवू नका. आधी ऐकून घ्या. पुठ्ठे कापता कापता भिंतीशी बोलायचे, अडले की पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणायची, "अहो, भिंतीनं काम दिलं बरं का तुम्हाला!" तेही हसायचे.

त्या दिवशी मी नमुन्यांची पिशवी धरायला म्हणून गेले. ग्रंथपालबाईंनी त्यांना विचारलं, "तुमची शिवण किती वर्षं टिकते?"

"ब... ब..."

बाई थांबल्या होत्या गं. घाई त्यांना नव्हती, मला झाली. "बारा वर्षं," मी म्हणाले. मग जीभ सुटली ती सुटलीच. आधीचा बाइंडर खळीत पाणी घालतो, असंही मीच म्हणाले. कुणी न विचारता भाव दोनदा उतरवला. तुझ्या कागदावरची एक चूक सोडली नाही. मला कुठे बोलायचंय, म्हणून मी तो नुसता वाचून घडी घालून ठेवला होता.

बाई म्हणाल्या, "मी यांना विचारत होते. काम कोण करणार, तुम्ही की हे?"

तेव्हाही मीच म्हणाले, "हेच."

आज अकरावा दिवस. बाबा बोलत नाहीत. रागावलेत म्हणावं, तर माझ्या गुडघ्याला तेल लावून देतात. काही हवं असलं की पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहितात. 'मीठ.' 'दार लाव.' काल लिहिलं, 'कटिंग मशीन विकू.' अक्षर सुरेख, एकही खाडाखोड नाही.

देवापुढे बसते, पण यांची वाचा परत दे म्हणायला तोंड नाही. त्यानं अडखळती का होईना, दिली होती. लग्न झाल्यापासून त्यांची वाक्यं मीच पुरी करत आले. मला ती माया वाटायची. इतक्या वर्षांत त्यांना काय म्हणायचं होतं आणि मी काय म्हणून टाकलं, कोण जाणे.

माझी समजूत काढू नकोस. त्यांच्या नावानं पत्र घाल, आणि त्यात असं काही विचार, ज्याचं उत्तर मला ठाऊक नसेल. मी पाकीट उघडणार नाही. उत्तर बोलून दाखवताना ते अडले, तर मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसेन.

उलट टपाली लिही.

तुझी
आई